आधी वर्तुळं ओळखली, मग स्क्रू फिरवले

ताऱ्याला शेपूट फुटलं होतं. आखूड, एकाच बाजूला पसरलेलं. तारा दुर्बिणीच्या आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, अगदी मधोमध आणला, फोकस जमेल तितका बारकाईने लावला, तरी ते शेपूट जाईना. गुरूकडे वळले तर बिंबाची एक कड रेखीव आणि दुसरी सांडलेल्या पिठासारखी. १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची न्यूटनी दुर्बीण आहे माझी, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ६५० मिलिमीटर. एवढ्या आरशातून गुरूचे दोन मुख्य पट्टे सहज दिसतात, आणि आधीचे काही महिने ते दिसतही होते. मग दुर्बीण एका लांबच्या प्रवासाला गेली. परत आल्यावर हे असं.

लगेच आरशांना हात लावायचा धीर होईना, म्हणून आधी बाकीच्या शक्यता तपासल्या. आयपीस फोकसरमध्ये, म्हणजे तो ज्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत बसतो तिच्यात, ठेवूनच गोल फिरवला. दोष त्याचा असता तर शेपूट त्याच्याबरोबर फिरलं असतं. नाही फिरलं. मग डोकं एका खांद्याकडे कलतं करून पाहिलं. दोष डोळ्यात असेल तर ताऱ्याचा आकारही डोक्याबरोबर कलतो. तेही झालं नाही. हवेने प्रतिमा थरथरते, उकळल्यासारखी दिसते, पण ती क्षणाक्षणाला वेगळ्या दिशेने फाकते. इथे शेपूट तासभर एकाच दिशेला होतं. दुर्बीण बाहेर आणून पाऊण तास नुसती ठेवली, आरसा बाहेरच्या हवेइतका निवू दिला. फरक शून्य. मग मात्र आरशांचंच काम आहे हे मान्य केलं.

या दुर्बिणीची रचना तशी सोपी. नळीच्या तळाशी मोठा अंतर्वक्र आरसा, तो प्रकाश गोळा करून परत वर पाठवतो. नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा, तो हा प्रकाश बाजूच्या फोकसरकडे वळवतो. न्यूटनने १६६८ मध्ये तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूचा आरसा घासून पहिली अशी दुर्बीण केली, तेव्हापासून मांडणी तीच आहे. मी यापुढे त्यांना मोठा आरसा आणि तिरपा आरसा असंच म्हणते, कारण घरात आम्ही तसंच म्हणतो.

मोठा आरसा अन्वस्ताकार असतो. अशा आरशाची खुबी अशी की त्याच्या अक्षावरच्या ताऱ्याची प्रतिमा नेमक्या एका बिंदूत येते. अक्षापासून बाजूला गेलं की प्रतिमेला शेपूट फुटू लागतं, आणि या दोषाला कोमा म्हणतात. अक्षाभोवती ज्या छोट्या वर्तुळात कोमा जाणवत नाही, त्याचा व्यास फोकल रेशोच्या (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) घनाप्रमाणे वाढतो. एफ/८ च्या, म्हणजे रेशो ८ असलेल्या, लांब नळीत तो सुमारे ११ मिलिमीटर असतो. माझ्या दुर्बिणीचा फोकल रेशो ५. तिच्यात हा व्यास जेमतेम पावणेतीन मिलिमीटर! सव्वा इंची फोकसरचं तोंड पावणेबत्तीस मिलिमीटरचं, आणि त्यात हा पावणेतीन मिलिमीटरचा ठिपका मधोमध आणायचा. लांब नळीवाल्यांना आरशांची चिंता कमी का असते आणि आखूड नळीवाले सारखे स्क्रूंशी का झटत असतात, ते हा आकडा पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

पहिल्या संध्याकाळी मी नळीच्या मागचे तीन स्क्रू फिरवत बसले. फोकसरमधून आत पाहायचं, काहीतरी वाकडं दिसायचं, स्क्रू फिरवायचा, ते सरळ व्हायचं आणि दुसरं काहीतरी वाकडं व्हायचं. दोन तासांनी तारा आधीपेक्षा वाईट दिसत होता. माझी चूक स्क्रूंमध्ये नव्हती. आत जी चार-पाच वर्तुळं एकात एक दिसतात, त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं प्रतिबिंब, हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्क्रूला हात न लावता नुसतं पाहायचं ठरवलं. दिवसाचा उजेड, नळी आडवी, तोंड फिकट भिंतीकडे. फोकसरच्या टोपणाच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. त्या भोकातून पाहिलं की डोळा आपोआप फोकसरच्या मधोमध राहतो. उघड्या फोकसरमधून डोळा जरा सरकला तरी सगळी वर्तुळं हलतात, त्यामुळे हे साधं टोपण हेच पहिलं खरं उपकरण. मग कागदावर चित्र काढत गेले. सगळ्यात बाहेर फोकसरच्या नळीची आतली कड. तिच्या आत तिरप्या आरशाची कड, ही खरी वस्तू. तिच्या आत मोठ्या आरशाचं प्रतिबिंब, कडेला त्याच्या तीन क्लिपा. त्याच्या आत काळी वर्तुळाकार सावली, चार पात्यांच्या आधारावर टांगलेली: हे तिरप्या आरशाचंच मोठ्या आरशातलं प्रतिबिंब, म्हणजे एकच वस्तू दुसऱ्यांदा दिसते ती. आणि त्या काळ्या गोलाच्या आत, अगदी मध्यभागी, फोकसरचं आणि माझ्या भोकाचं प्रतिबिंब. माझा गोंधळ नेमका इथे होता. तिरपा आरसा दोनदा दिसतो, एकदा स्वतः आणि एकदा प्रतिबिंबात, आणि मी एकाची दुरुस्ती करायला दुसऱ्याचे स्क्रू फिरवत होते.

वर्तुळं वेगळी करायची एक युक्ती आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. नळीत तिरपा आरसा आणि मोठा आरसा यांच्या मध्ये एक पांढरा कागद उभा घालायचा, आणि फोकसरच्या समोरच्या आतल्या भिंतीला एक रंगीत कागद टेकवायचा. कागद आत गेला आणि मोठ्या आरशाचा सगळा पसारा नाहीसा झाला. राहिला फक्त रंगीत पार्श्वभूमीवरचा एक पांढरा गोल, तिरप्या आरशाचा. तो फोकसरच्या कडेच्या मधोमध नव्हता, नळीच्या तोंडाकडे सरकलेला होता आणि किंचित लंबगोल दिसत होता. पुढचं काम आता स्पष्ट होतं.

तिरपा आरसा लंबगोलच असतो, पण ४५ अंशांतून पाहिल्यावर तो गोल दिसायला हवा. तो ज्या दांड्यावर असतो त्याच्या मध्यात एक बोल्ट आणि भोवती तीन छोटे स्क्रू. मधला बोल्ट सैल केला की आरसा नळीच्या तळाकडे सरकतो, आवळला की तोंडाकडे. सगळं जरा ढिलं असताना आरसा स्वतःभोवती फिरवताही येतो, आणि लंबगोल दिसणं बहुतेक वेळा या फिरण्याने जातं. हे करताना नळी आडवीच ठेवायची. हे मी वाचलं होतं म्हणून पाळलं, आणि त्याचा उपयोग झाला: बोल्ट फिरवताना ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) हातातून सुटली आणि नळीत पडली. नळी उभी असती तर ती थेट मोठ्या आरशावर गेली असती. पडली ती नळीच्या भिंतीवर, आणि तिथेच राहिली. त्यानंतर कीला दोरा बांधून तो मनगटाला अडकवला.

तीन छोट्या स्क्रूंनी आणखी एक त्रास दिला. त्यांची टोकं समोरच्या मऊ धातूत रुतून तिथे खड्डे झाले होते. मी आरसा किंचित कलवायची, आणि आवळताना स्क्रू घसरून पुन्हा जुन्या खड्ड्यात जायचा. अर्धा तास हे चाललं. शेवटी स्क्रूंची टोकं आणि दांडा यांच्या मध्ये प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं एक वॉशर कापून घातलं. टोकांना टेकायला सपाट गुळगुळीत जागा मिळाली आणि आरसा सांगितलं तिथे राहू लागला. तिरप्या आरशाच्या स्क्रूंशी ज्यांची रोज झटापट होते त्यांनी हे एवढं आधी करावं.

गोल मध्यावर आला, कागद काढले. पुढची पायरी तिरप्या आरशाचा कल. मोठ्या आरशाचं प्रतिबिंब पूर्ण दिसावं, तिन्ही क्लिपा सारख्या दिसाव्यात, आणि त्याचा मध्यबिंदू फोकसरच्या मधोमध यावा. पण माझ्या मोठ्या आरशावर मध्याची खूणच नव्हती. खुणेशिवाय पुढचं सगळं अंदाजाने करावं लागणार, आणि पावणेतीन मिलिमीटरच्या हिशेबात अंदाजाला जागा नाही. म्हणजे मोठा आरसा बाहेर काढणं आलं.

हे काम मी दोन दिवस पुढे ढकललं. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरातल्या आरशासारखा मागे नसतो. बोट लागलं तर ते थेट त्या थराला लागतं. शेवटी मुलीला सोबत घेतलं. मोठ्या आरशाच्या बैठकीच्या कडेचे स्क्रू काढण्यापूर्वी नळी आणि बैठक या दोन्हींवर पेन्सिलीने एक रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना ती त्याच स्थितीत बसेल. बैठक बाहेर आली तेव्हा आम्ही दोघी आरशात वाकून पाहत होतो आणि ती हळूच म्हणाली, "आई, श्वास रोखून धर, वाफ जाईल त्याच्यावर." आरशावर बारीक धूळ होती. पुसली नाही. थोड्या धुळीने प्रतिमा बिघडत नाही, कोरड्या कापडाने मात्र आरशावर ओरखडे पडतात.

मध्य काढायची रीत शाळेतलीच. कागदावर १३० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून कापलं, दोनदा घडी घालून चार भाग केले, घड्या जिथे छेदतात तिथे छोटं भोक पाडलं. तो कागद आरशावर हलकेच ठेवला, कडा चहूबाजूंनी जुळल्या आहेत हे पाहिलं, आणि भोकातून बारीक टोकाच्या मार्करने एक ठिपका दिला. मग कागदाच्या पानांच्या भोकांना बळकटीसाठी चिकटवतात तसली एक गोल कडी त्या ठिपक्याभोवती चिकटवली. मोजपट्टी आरशाला न टेकवता वरून धरून चारी बाजूंनी अंतर पाहिलं, फरक एक मिलिमीटरच्या आत होता. मुलीने विचारलं, आरशाच्या मध्यावरच चिकटवलं तर चित्रात डाग नाही का दिसणार? नाही दिसत. आरशाच्या मधल्या भागावर तिरप्या आरशाची सावली कायमच असते, तिथे ताऱ्यांचा प्रकाश पोचतच नाही. एरवीही आरशावरचा डाग प्रतिमेत डाग होऊन येत नाही. त्याने प्रकाश तेवढा कमी होतो, बस.

आरसा परत बसवला आणि पुन्हा भोकातून पाहिलं. आता त्या सगळ्या वर्तुळांच्या मध्ये एक पांढरी कडी तरंगत होती. खूण मिळाल्यावर कामाचा वेगच बदलला. तिरप्या आरशाच्या तीन स्क्रूंनी ती कडी फोकसरच्या मध्यावर आणली. एक स्क्रू आत घ्यायचा तर उरलेले दोन आधी जरा सैल करायचे, एवढं भान ठेवलं की झालं.

शेवटची पायरी मोठ्या आरशाचा कल. त्याचे स्क्रू नळीच्या मागे, आणि पाहायचं पुढे. हात पुरतो, पण ताणून. म्हणून मी भोकाशी आणि मुलगी मागे, अशी वाटणी केली. "डावीकडचा फिरव" म्हटल्यावर तिची डावी की माझी, यात दोनदा गडबड झाली. मग तिने तिन्ही स्क्रूंशेजारी १, २, ३ असे कागद चिकटवले आणि प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्यावर कडी कुठे सरकते ते मी सांगितलं, तिने वहीत बाणांनी काढलं. ती वही अजून दुर्बिणीच्या पेटीत आहे. आता कडी एखाद्या दिशेला हलवायची तर अंदाज करावा लागत नाही, वहीतला बाण पाहायचा. माझ्या भोकाचं प्रतिबिंब कडीच्या बरोबर आत आलं तेव्हा मी थांब म्हटलं. मग तिने शेजारचे तीन पक्के करायचे स्क्रू आवळले आणि कडी निसटली! ते आवळताना आरसा पुन्हा ओढला जातो. तेव्हा तेही भोकातून पाहत पाहतच, थोडं थोडं, आळीपाळीने आवळले.

इथे काम संपलं असं वाटलं, पण काळी सावली खटकत होती. सगळी वर्तुळं एककेंद्री आणि तेवढा तो काळा गोल किंचित मोठ्या आरशाच्या बाजूला सरकलेला. आख्खी एक संध्याकाळ मी तो मध्यावर आणायच्या प्रयत्नात घालवली, आणि प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी बिघडलं. मग कागदावर प्रकाशाचा शंकू काढून पाहिला. मोठ्या आरशाकडून येणारा प्रकाश निमुळता होत येतो. तिरपा आरसा त्याला तिरका छेदतो, म्हणून त्याची जी बाजू मोठ्या आरशाच्या जवळ असते तिथे शंकू रुंद असतो आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. सगळा शंकू झेलायचा तर आरशाचा मध्य थोडा खाली, तळाकडे, आणि थोडा फोकसरपासून दूर असायला हवा. किती, तर तिरप्या आरशाच्या लघु अक्षाला (लंबगोलाच्या आखूड व्यासाला) फोकल रेशोच्या चौपटीने भागून येईल तेवढा. ४० मिलिमीटरचा आरसा आणि रेशो ५ असेल तर २ मिलिमीटर. तो काळा गोल सरकलेला दिसणं हेच बरोबर होतं! एफ/८ च्या दुर्बिणीत हे सरकणं डोळ्यांना जेमतेम कळतं. पुस्तकांतली एककेंद्री वर्तुळांची सुबक चित्रं पाहून आखूड नळीची दुर्बीण जुळवायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात एका मित्राचं आरसे जुळवायचं लेझर आणलं होतं. फोकसरमध्ये बसवून ते जागच्या जागी फिरवलं तर मोठ्या आरशावरचा लाल ठिपका एक वर्तुळ काढत फिरला. म्हणजे लेझरच आपल्या नळीत तिरकं बसलेलं. त्याच्यावर विसंबून आरसे जुळवले असते तर मी आरसे लेझरच्या चुकीशी जुळवले असते. लेझर वाईट नाही, पण ते आधी फिरवून तपासावं. भोकाच्या टोपणाला ही काळजी नसते. आणखी एक: काही स्वस्त दुर्बिणींच्या फोकसरच्या तळाशी एक भिंग कायमचं बसवलेलं असतं, अर्धा मीटर नळीत १००० मिलिमीटरचं नाभीय अंतर लिहिलेलं दिसलं तर बहुधा तोच प्रकार. त्या भिंगामुळे आतली वर्तुळं विचित्र दिसतात आणि लेझरचा ठिपका फाकतो. ते भिंग काढल्याशिवाय मी वर सांगितलेलं काहीच नीट दिसणार नाही.

खरी परीक्षा ताऱ्यावर. ध्रुवतारा यासाठी फार सोयीचा, कारण तो जागेवरून जवळपास हलत नाही. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, दुसरा कुठलाही तारा स्क्रू फिरवेपर्यंत आयपीसमधून निघून जातो. दुर्बीण निवू दिली, १० मिलिमीटरचा आयपीस आणि प्रतिमा दुप्पट मोठी करणारं बार्लो भिंग लावलं, म्हणजे १३० पट. फोकस अगदी किंचित हलवला. ताऱ्याभोवती बारीक वलयं उमटली, पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तशी, पण एका बाजूला दाटलेली. फोकस फार हलवायचा मोह टाळला, कारण मोठ्या चकतीत तिरप्या आरशाची ती सरकलेली सावलीच दिसते आणि फसवते. मग असं केलं: तारा हळूहळू आयपीसच्या क्षेत्रात इकडेतिकडे नेऊन तो कुठे सगळ्यात सुडौल दिसतो ते शोधलं. मध्यापासून थोडी डावीकडे तशी जागा सापडली. मोठ्या आरशाच्या स्क्रूंनी तारा तिथून मध्यावर आणला. हे स्क्रू सूतभरच फिरवायचे, दिवसा पाव फेरा लागत होता तिथे आता त्याचाही लहानसा भाग. एकदा आणून भागत नाही. आरसा कलला की सुडौल जागाही सरकते, म्हणून पुन्हा शोधायची, पुन्हा आणायची. तिसऱ्या वेळी वलयं सगळीकडून सारखी झाली.

दोन-तीन महिन्यांपूर्वी मी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या आरशांबद्दल वाचलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला तिच्या मुख्य आरशाचे १८ तुकडे जुळवायचे होते, तेव्हा सप्तर्षींच्या भागातल्या एकाच ताऱ्याचे १८ ठिपके दिसत होते, आणि सुमारे पंधरा लाख किलोमीटर दूर असलेल्या त्या आरशांना मोटरींनी हलवत ते एकावर एक आणले. मुलीला ते सांगितलं तर ती अंधारात मागच्या स्क्रूंवर हात ठेवून म्हणाली, "त्यांच्याकडे पण अशी वही असेल ना?"

फोकस परत लावला. ध्रुव आता एक बारीक टणक बिंदू होता, भोवती एक पुसटसं वलय. आरसा कितीही चांगला असला तरी तारा याहून लहान होत नाही. प्रकाश गोल तोंडातून आला की त्याची अशी चकती होतेच, खगोलशास्त्रज्ञ एअरीने १८३५ मध्ये ती गणिताने दाखवली, आणि माझ्या आरशात ती सुमारे दोन आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). शेपूट कुठेच नव्हतं. डोळा स्थिर करून पाहत राहिले, आणि तेव्हा ध्रुवाच्या शेजारी, वलयाच्या बरंच बाहेर, एक मंद ठिणगी असल्याचा भास झाला. डोळा जरा बाजूला वळवला तर ती ठळक झाली. ध्रुवाचा जोडीदार. विल्यम हर्शेलने तो १७७९ मध्ये पाहिला होता, मुख्य ताऱ्यापासून सुमारे १८ आर्कसेकंदांवर, आणि त्याच्याहून शेकडो पटींनी मंद. प्रवासाआधी ही दुर्बीण चांगली दिसत होती असं मी म्हणत होते, तेव्हाही हा तारा तिच्यात मला कधी दिसला नव्हता.

मुलीने पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं की तो कुठल्या बाजूला दिसतो, आणि स्क्रूंच्या त्याच पानावर, १, २, ३ च्या बाणांच्या खाली, तिने एक मोठा ठिपका आणि त्याच्या शेजारी एक अगदी लहान ठिपका काढून ठेवला.